ढेकळाचा चौकोन

आधीच सांगून ठेवतो, मला पोरं आवडत नाहीत. गवत आवडतं. गवत उलटून बोलत नाही, पाणी दिलं की वाढतं आणि कापलं की गप्प बसतं. एकवीस वर्षं या मैदानाची देखभाल करतोय मी. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, तण उपटायचं आणि सामना असेल त्या सकाळी खुंट्या ठोकून, दोरी ताणून मैदान आखायचं. माझी रेघ बघा कधी. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि बोटभर हलत नाही. बाहेरचे संघ येतात ते आधी विचारतात, मैदान कुणी आखलं हो? मी तिथेच उभा असतो, पण लगेच सांगत नाही.

पोरी मला पाठीमागे खडूस काका म्हणतात. समोर नुसतं काका. मला दोन्ही चालतं.

फाटकावर पाटी आहे, 'खेळाडूंशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही', ती माझी. रंगवली मी आणि हट्टही माझाच. पूर्वी सरावाला आई-बाप, आत्या, मामा, शेजारीपाजारी असा सगळा गोतावळा यायचा. टाचांच्या चपला घालून माझ्या गवतावर फिरायचे, बिस्किटांचे कागद टाकायचे, कुणी तर सतरंजी पसरून लवंडायचे. "एकाला आत घेतलं की दहा येतात," असं म्हणत मी साहेबांचं डोकं खाल्लं. साहेब म्हणजे आमच्या क्लबचे सेक्रेटरी. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "लाव बाबा तुझी पाटी, पण मला सोड." लावली. त्याला आता अकरा वर्षं झाली. गवत सुखी, मी सुखी.

मग गेल्या वर्षी साहेबांच्या मनात आलं की पुलापलीकडच्या वस्तीतल्या मुलींनाही फुटबॉल शिकवायचा. फी नाही, बूट क्लबचे, मोजे क्लबचे, जर्सी क्लबची. साहेब मनाने चांगला माणूस, यात वाद नाही. स्वतः गाडीत घालून बुटांची खोकी आणली, स्वतः गुडघ्यावर बसून पोरींच्या पायाची मापं घेतली. पहिल्या आठवड्यात वीस पोरी आल्या. महिन्याभरात अकरा राहिल्या. मग सहा.

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. माझ्या सामानाच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "काय रे कमी केलं आपण?"

मी म्हणालो, "फुकट मिळालं की कदर नसते, साहेब."

असं मी बोललो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण तेव्हा बोललो, आणि साहेबांनी ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी नियम निघाला की हंगामात तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. सराव असो नाहीतर सामना. यादीत दुसऱ्या मुली वाट बघताहेत, त्यांना घ्यायचं.

उरलेल्या सहांत एक होती, तिला सगळ्या भिंत म्हणायच्या. बारा वर्षांची असेल. अंगाने काडी, पण गोलात उभी राहिली की चेंडूला आत जायची लाज वाटायची. चेंडू मारणारीच्या पायाकडे बघायची आणि चेंडू निघायच्या आधीच तिकडे पोचलेली असायची. मॅडमचा, म्हणजे कोचबाईंचा, तिच्यावर फार जीव. "काका, अशी पोर दहा वर्षांत एकदा मिळते," असं त्या मला दर आठवड्याला सांगायच्या. मीही दर आठवड्याला म्हणायचो, "असेल. पण गोलासमोरचं गवत पार उखडलंय तिने."

आणि ती भिंत यायची बंद झाली. एक गुरुवार चुकला. पुढचा मंगळवार चुकला. मॅडम फोन करून थकल्या, कुणी उचलेना. पुढच्या गुरुवारी त्या हजेरीची वही घेऊन फाटकाशीच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आज नाही आली तर तिसरी होते, काका. पाच वाजेपर्यंत थांबते, त्यापुढे माझ्या हातात नाही."

पाचला दहा कमी होते. मी गोलामागे पाणी मारत होतो. तिथे उंच जाळीचं कुंपण आहे आणि पलीकडे पायवाट. बघतो तर जाळीला कुणीतरी टेकलंय.

"ए! हात काढ! वाकते ती!" मी ओरडलो.

हात निघाला. भिंत होती. कडेवर एक पोरगं, दोन-अडीच वर्षांचं, चांगलं गुटगुटीत, तोंडात स्वतःची मूठ. आत पोरी चेंडू मारत होत्या आणि ही जाळीबाहेर, कडेवरच्या पोराला घेऊन, प्रत्येक चेंडूला डावी-उजवीकडे सरकत होती. तिला ते कळतही नव्हतं.

"अगं, इथे काय करतेस? तिकडे फाटकाशी मॅडम तुझ्या वाटेला डोळे लावून उभ्या आहेत."

"आईची कामाची पाळी बदलली, काका. आता दुपारी दोनला जाते, रात्री येते. बाबा ट्रकवर. याला ठेवायला कुणी नाही."

"मग मॅडमना सांगायचंस ना तसं!"

"पाटी आहे ना," ती म्हणाली. "मी सांगितलं की मॅडम साहेबांना विचारणार. साहेब नाही म्हणणार. आता निदान मला कुणी 'नाही' तरी म्हटलेलं नाही."

हातातला पाइप तसाच चालू, बुटात पाणी जातंय, आणि मी तिच्याकडे बघतोय. ती उभी होती ती कंबर एका बाजूला काढून. डावी कड बाहेर, त्यावर पोर, उजवा खांदा खाली. असं उभं राहणारं माणूस मी रोज डोळ्यांसमोर बघत मोठा झालोय.

माझी ताई अजून तशीच उभी राहते. चौसष्ट वर्षांची झाली, कडेवर आता कुणी नसतं, तरी रांगेत उभी असू दे नाहीतर ओट्याशी, कंबर डावीकडे आणि खांदा उजवीकडे. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत तिच्यासारखं पळणारं कुणी नव्हतं म्हणे. खेळाचे मास्तर घरी आले होते, हिला स्पर्धेला पाठवा म्हणून. आई शिवणाच्या कारखान्यात जायची. ती म्हणाली, धाकट्याला कोण बघेल? विषय तिथेच संपला. मावशी हे हसत हसत सांगायची, आणि तो धाकटा मी. मीही हसायचो. दर रविवारी ताईचा फोन असतो, गुडघे, औषधं, भाजीचे भाव, सगळं बोलणं होतं. हे सोडून.

एवढं सगळं त्या जाळीपाशी डोक्यात आलं आणि मला भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो, "बघत काय बसलीस! पळ फाटकाकडे! पाच वाजताहेत!"

"आणि हा?"

"त्याला मी खातो काय? आण त्यालाही!"

मॅडमनी वहीत टिक केली तेव्हा पाचला एक मिनिट होतं. भिंतीने ग्लोव्ह्ज चढवले आणि एकदाही मागे न बघता गोलाकडे सुटली. आणि ते पोरगं माझ्यासमोर उरलं.

आता अशा वेळी बाकीच्या लोकांना काय सुचतं कोण जाणे. मला एकच काम येतं. सामानाच्या खोलीत पोर ठेवायची सोय नाही, तिथे गवत कापायची पाती आहेत, तणावर मारायच्या औषधांच्या बाटल्या आहेत. म्हणून मी खोलीच्या दारासमोर चांगली मोकळी जागा बघितली आणि आखणीची गाडी काढली. चुना नाही घेतला हं, चुना डोळ्यांत गेला तर भलतंच होईल. साधी खडूची पूड भरली. तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे. दोरी लावून, काटकोन बघून झकास चौकोन आखला आणि त्याला उचलून मधोमध ठेवलं.

"ही रेघ. आत तू राजा. बाहेर पाय टाकलास तर..."

काय धमकी द्यावी ते आठवेना. पोरांना धमक्या द्यायची सवय नाही, मी थेट हाकलतो.

पण धमकीची गरजच पडली नाही. ते रेघेपाशी आलं, वाकलं, बघितलं. एक पाय पुढे केला, रेघेला अगदी टेकवून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी 'नाही' अशी मान हलवली. त्याने पाय मागे घेतला. मग चारही बाजूंनी आतून एक चक्कर मारली, म्हणजे आपली जागा कुठून कुठपर्यंत ते नीट पाहून घेतलं, आणि मध्ये फतकल मारून बसलं. एकवीस वर्षांत माझी रेघ इतकी मनावर कुणी घेतली नव्हती. खेळाडूंनीही नाही आणि रेफरींनी तर नाहीच नाही.

त्याचं ढेकूळ हे नाव मीच ठेवलं. मैदानावर ढेकूळ दिसलं की मी फोडतो. हे एक तेवढं सोडलं.

तर असं सुरू झालं. मंगळवारी आणि गुरुवारी साडेचारला मी चौकोन आखायचो. भिंत मैदानाच्या मागच्या दाराने यायची, ढेकळाला चौकोनात सोडायची आणि पळायची. ते आत बसून रिकाम्या बाटल्या रचायचं, झोपायचं, मला हुकूम सोडायचं. एकदा चेंडू घरंगळत त्याच्या चौकोनात आला तर त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि मोठ्याने ओरडलं, "माझं!" मॅडमना सगळं दिसत होतं. एकदा जाता जाता म्हणाल्या, "काका, तब्येत बरी आहे ना?" मी म्हणालो, "तुम्ही तुमचं काम बघा." त्या हसत गेल्या.

असे काही आठवडे गेले. मग एका रविवारी मोठा सामना होता, हंगामातला शेवटचा. बाहेरचा संघ येणार, क्लबचे अध्यक्ष येणार. शनिवारी साहेब तयारी बघायला आले आणि नेमके खोलीसमोर थबकले. पुसलं तरी खडूचं पांढुरकं राहतंच गवतात.

"हे काय?"

"चौकोन."

"ते दिसतंय मला. कशाचा?"

खोटं बोलायला गेलो तर माझे कान लाल होतात, म्हणून सांगून टाकलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग फाटकाकडे बोट केलं.

"पाटी कुणाची?"

"माझी."

"एकाला आत घेतलं की दहा येतात, हे कुणाचे शब्द?"

"माझेच."

"मग? उद्या पाहुणे येणार आहेत. मुलाला काही लागलं तर कुणाच्या गळ्यात? उद्या चौकोन नको आणि ते पोरगंही नको. झालं."

माझ्याच पाटीने मला गप्प केलं होतं. साहेब गेल्यावर हिशेब मांडला तो सरळ होता. भिंतीची आई रविवारीही कामावर. पोर आणायचं नाही म्हटलं तर भिंत येणार नाही. आली नाही की तिसरी गैरहजेरी, आणि नाव कमी. पुढच्या हंगामात तिच्या जागी दुसरी. नियम म्हणजे नियम, आणि त्या नियमाचं बी मीच पेरलेलं.

संध्याकाळी पुलापलीकडे गेलो. विचारत विचारत तिचं घर काढलं. एक खोली, दाराबाहेर स्टोव्ह, आणि भिंत पायरीवर बसून ढेकळाला भरवत होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. नाही म्हणायलाच आलेत काका, असं वाटलं असणार.

मी म्हणालो, "उद्या आण त्याला. मागच्या दाराने. माझ्या खोलीत ठेवतो, कुणाला कळणार नाही."

"चौकोन?"

"उद्या चौकोन नाही."

चूक केली ती तिथे. पण ती कळली दुसऱ्या दिवशी.

रविवारी पहाटे उठून मैदान आखलं. चुना नव्हता वापरायचा, का ते विचारू नका, सगळं मैदान खडूने काढलं. खोलीतली पाती आणि बाटल्या वरच्या फळीवर चढवल्या. ढेकळाला दोरीच्या वेटोळ्यात बसवलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला. ते दारातून बाहेर बघून सारखं विचारायचं, "माझं? माझं?" मी म्हणायचो, "आज नाही रे बाबा. आज गप्प बस."

पहिला हाफ सुरळीत गेला. भिंतीने दोन चेंडू अडवले, त्यातला एक असा की अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. दुसऱ्या हाफला संघांनी बाजू बदलल्या आणि भिंत माझ्या खोलीकडच्या गोलात आली. थोड्या वेळाने पलीकडच्या कोपऱ्यावरचा झेंडा कुणाच्या तरी पायाने मोडला. रेफरीने मला हात केला. मी दार नुसतं लोटलं आणि नवा झेंडा घेऊन गवताबाहेरून, कडेकडेने पळालो.

झेंडा ठोकून मान वर करतो तर माझ्या खोलीचं दार सताड उघडं.

ढेकूळ दारासमोर उभं होतं, रोज चौकोन असतो त्या जागी. खाली बघत होतं. रेघ नव्हती. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग त्याला दिसला, गोलासमोरचा छोटा चौकोन. पांढरा स्वच्छ, काटकोनात, आणि आत उभी त्याची ताई. ते तुरुतुरु निघालं. मी त्या टोकाला, शंभर मीटरवर. ओरडलो, पण सगळेच ओरडत होते, कारण नेमका चेंडू आता तिकडेच चालला होता. समोरच्या संघाची उंच पोर चेंडू घेऊन एकटीच सुटली होती, भिंत पुढे सरसावली होती, आणि तिच्या मागे ढेकूळ चौकोनात शिरलं, मधोमध गेलं आणि फतकल मारून बसलं.

रेफरीने शिटी अशी फुंकली की पाखरं उडाली.

सगळं मैदान थांबलं. त्या उंच पोरीने चेंडू पायाखाली दाबून धरला, शहाणी पोर. भिंतीने मागे वळून बघितलं. तिने जाऊन त्याला उचललं, कडेवर घेतलं आणि तशीच उभी राहिली गोलात, जर्सी, ग्लोव्ह्ज, कंबर एका बाजूला. साहेब उठून उभे राहिले होते, चेहरा टोमॅटोसारखा.

रेफरीने विचारलं, "कुणाचं मूल हे?"

"माझा भाऊ," ती म्हणाली. आणि तिने ग्लोव्ह काढायला सुरुवात केली. एक हात पोराखाली अडकलेला, म्हणून दातांनी. रडत नव्हती. आता संपलं, आता घरी जायचं, एवढंच तिच्या तोंडावर होतं. जसं काही तिला पहिल्यापासून माहीतच होतं.

मी माझ्या आयुष्यात कधी गवतावरून बुटांनिशी पळालो नव्हतो. त्या दिवशी पळालो, सरळ मैदानाच्या मधून.

"काढू नकोस!" धाप लागली होती, तरी ओरडलो. "ग्लोव्ह काढू नकोस! खबरदार काढलास तर! चूक त्याची नाही आणि तुझी तर नाहीच. मीच शिकवलंय त्याला, पांढरा चौकोन दिसला की तुझा. आज मी त्याचा चौकोन आखला नाही, म्हणून त्याने दुसरा शोधला. बरोबर वागला तो! चुकलो मी!"

मग साहेबांकडे वळलो. अध्यक्ष बघत होते, बाहेरचा संघ बघत होता, पण आता तोंड सुटलंच होतं. "आणि साहेब, ती पाटी माझी. काय कमी केलं विचारत होतात ना? बूट दिलेत, मोजे दिलेत, सगळं दिलंत. कडेवरचं पोर कुठे ठेवायचं तेवढं राहिलं. तेवढं दार मी बंद केलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, गवतासाठी. कदर नसते म्हणालो मी. मला मेल्याला काय माहीत!"

रेफरीने घड्याळ बघितलं. "किती वेळ लागेल तुम्हाला?"

"दोन मिनिटं."

आखणीची गाडी ओढत आणली. दोरी नाही, खुंट्या नाहीत. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी नुसत्या अंदाजाने आखलं, आणि चौकोन असा वाकडा आला की दुसऱ्या कुणी आखला असता तर मी त्याला कामावरून काढायला लावलं असतं. भिंतीने ढेकळाला आणून त्यात ठेवलं. ढेकळाने वाकून रेघ बघितली. वाकड्या कोपऱ्यापाशी जरा थांबलं, माझ्याकडे नाराजीने बघितलं, मला अगदी लाज वाटली. मग आत गेलं, बसलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडलं, "माझं!"

आधी ती उंच पोर हसली. मग सगळेच हसले, अध्यक्षसुद्धा. रेफरी तोंडावर हात ठेवून म्हणाले, "मग हे आधीच आखायचं नाही का?"

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी ढेकळाशेजारी खालीच बसलो.

साहेब मात्र हसत नव्हते. ते गोलामागच्या जाळीकडे बघत होते. मीही मान वळवली. जाळीबाहेर पायवाटेवर पोरी उभ्या होत्या, सात-आठ. चेहरे ओळखीचे. गेल्या वर्षीच्या वीस जणींतल्या, महिन्याभरात गळालेल्या. सामना बघायला आल्या होत्या बाहेरून. एकीच्या कडेवर तान्हं, एकीच्या हाताला दोन जुळी, एकीने बहिणीला खांद्यावर घेतलेलं.

या पोरींच्या पायाची मापं साहेबांनीच घेतली होती. मग खिशातून किल्ली काढत स्वतः फाटकाकडे गेले आणि दोन्ही दारं उघडली. जाता जाता मला म्हणाले, "मोठा आख."

"किती मोठा?"

"मला काय विचारतोस? तुला येतं ना आखायला!"

सामना एक-एकने बरोबरीत सुटला. भिंतीने एक गोल खाल्ला, त्याच उंच पोरीचा, आणि त्यानंतर एकही नाही. संपल्यावर मॅडम वही घेऊन आल्या. भिंतीच्या नावापुढच्या दोन फुल्या साहेबांनी स्वतःच्या पेनने खोडल्या, आणि खाली जाळीपलीकडून आलेल्या पोरींची नावं लिहायला घेतली. भिंत ते बघत होती. मग ती माझ्याजवळ आली, ढेकळाला उचललं आणि म्हणाली, "काका, मंगळवारी पण आखणार ना?" मी म्हणालो, "नाही तर काय, हा मला सोडणार आहे?" तेव्हा कुठे ती रडली. मला पोरांचं रडणं सहन होत नाही, म्हणून मी पाइप गुंडाळायला गेलो.

पाटी मीच उतरवली, मीच नवी रंगवली. 'खेळाडू आणि त्यांच्या पाठच्या भावंडांशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही.' मामा आणि आत्या अजूनही बाहेरच. नियम म्हणजे नियम.

पुढच्या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यांचं विचारलं नाही. म्हटलं, "ताई, मंगळवारी मैदानावर ये. एक काम आहे." काय ते फोनवर सांगता येईना.

आली. फाटकाशी उभी राहून पाटी वाचली. दोनदा वाचली. मग खोलीसमोर आली. चौकोनात आता सात पोरं होती आणि एक वयस्क बाई लक्ष ठेवायला होती, साहेबांनी कामावर घेतलेली. ढेकूळ रेघेवर पहारा देत होतं. ताई नेहमीसारखी उभी, कंबर डावीकडे.

मी म्हणालो, "ताई, माझ्यामुळे तुझं पळणं राहिलं. मला माहीत होतं. कधी बोललो नाही."

ती वाकली आणि ढेकळाला उचलून कडेवर घेतलं, अगदी सवयीने. वजन केल्यासारखं जरा हलवून बघितलं.

"हा हलका आहे रे," ती म्हणाली. "तू फार जड होतास."

आणि हसायला लागली. मला मात्र हसू येईना, माझे डोळे भरले होते. तिने ते बघितलं. पलीकडे मोकळ्या बाजूला माझी लांब रेघ होती, सरळ, कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत. ताईने तिकडे बघितलं, पायांतल्या चपला काढल्या, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि ढेकूळ माझ्या हातात दिलं.

"घे," ती म्हणाली. "आता तू धर."

साडी हाताने जरा वर धरून ती निघाली. आधी चालत, मग भराभर, आणि मग खरोखर पळायला लागली, माझ्या रेघेच्या कडेकडेने. मी ओरडलो, "ताई, हळू! गुडघे!" तिने मागे न बघता हात झटकला. ढेकूळ चांगलंच जड होतं. मी त्याला कडेवर सरकवलं, कंबर आपोआप एका बाजूला गेली, आणि तसाच उभा राहून मी ती झेंड्यापर्यंत पोचेस्तोवर बघत राहिलो.